भांगाला मोबाईल नाही

बाबा, तुला लिहायला फारच उशीर केला, रागावू नको. अक्षर माझं चौथीतच थांबलंय, तेही सांभाळून घे. तू होतास तेव्हा करावे गावात दारात उभं राहिलं की खाडी दिसायची. आता तिच्यासाठी सहाव्या मजल्यावरच्या खिडकीत जावं लागतं.

काळजी करायची माझी खोड तुला माहीत आहे. यंदा काळजी नातीची होती. शाळेतून आली की मोबाईल हातात, घास तोंडात तसाच. हाक मारली तर "एक मिनिट, आजोबा," आणि ते मिनिट संपतच नाही. शेवटी सून म्हणाली, "बाबा, टेन्शन घेऊ नका, पण पुढच्या महिन्यापासून तिला पाळणाघरात ठेवते. तुम्हाला ती आवरत नाही." माझ्या दुपारी त्या पोरीवरच चालतात. मला जेवण गेलं नाही.

मग तू आठवलास. मी चिखलात खेळतोय आणि तू होडीतून ओरडतोस, "पानी फिरला, चल घरा!" तुझ्याशी भांडता यायचं, पाण्याशी कोण भांडणार? मी नातीला खिडकीशी नेलं. म्हटलं, भरतीचं पाणी त्या मोडक्या बांधाला लागलं की मोबाईल कपाटावर. आधीच लागलेलं असलं तर त्या दिवशी नाहीच. तिला गंमत वाटली. "चीटिंग नको हां, अजून चिखल दिसतोय!" असं ओरडायची, पण पाणी लागलं की तोंड पाडून का होईना, मोबाईल ठेवायची.

अष्टमीला मात्र फसलो. भांगाचं, म्हणजे अर्ध्यामुर्ध्या भरतीचं, ते आळशी पाणी बांधापर्यंत चढलंच नाही, आणि पोरगी संध्याकाळपर्यंत मोबाईलवर. सून दारातूनच म्हणाली, "वा! आज तुमची खाडी सुट्टीवर का?" तेव्हा तुझंच बोलणं कामी आलं: भांगाला जाळं टाकायचं नसतं, शिवायचं असतं. आता त्या दिवसांत मोबाईल नाही. तुझी जुनी सुई काढून आम्ही दोघं जाळं विणतो. परवा सुनेने नातीच्या गाठी ओढून बघितल्या, एकही सुटली नाही. म्हणाली, "राहू दे ते पाळणाघर."

तेव्हा नातीचं मी बघून घेईन, बाबा. हा कागद मात्र सुईच्या डब्यातच राहील, कारण एक गोष्ट फक्त तुला सांगायची आहे. पाणी बांधाला कधी लागणार ते तू तिथीवरून सांगायचास. मी कधी नीट ऐकलंच नाही. नात यायच्या आत मी ते चोरून मोबाईलवर बघतो आणि ती आली की वेळ सांगतो. ती आता विचारते, "आजोबा, तुम्हाला कसं कळतं?" तिला काय सांगू? जमलं तर लवकर कळव.