बाळंतिणीची लाकडं

आई, काल पुन्हा लाकडं रचली. घरात गॅस आहे, तरी न्हाणीतल्या चुलीला लाकूड लागतंच. खाली जांभ्याचे चिरे, साल वरच्या बाजूला, माथ्यावर झावळ्यांचे झाप आणि बाजू मोकळ्या, सगळं तुमच्यासारखं. पण तुमच्यासारखी लाकडांची माच रचणं मला अजून जमत नाही. तुम्ही एकेक लाकूड दुसऱ्यावर आपटून बघायचात. खणखणलं तर माचीत, बद्द वाजलं तर परत उन्हात. भर पावसात तळातलं लाकूड काढलं तरी ते दोन फुंकरांत पेटायचं. मी बंदराजवळ स्टोव्हवर वाढलेली. लाकडं रचायला अक्कल कशाला लागते, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

ब्याऐंशी साल असेल, नाहीतर त्र्याऐंशी. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं होतं, दुसरं श्रावणात तुमच्याकडे व्हायचं होतं. तुम्ही फाल्गुनातच ऐनाची लाकडं फोडून घेतलीत आणि पडवीबाहेर त्यांची वेगळी माच रचलीत. ती बाळंतिणीची, तिला कोणी हात लावायचा नाही. आंघोळीचं पाणी, शेकाचे निखारे, सगळं तिच्यावर अवलंबून. आषाढात तुमची बहीण आजारी पडली आणि तुम्ही आठ दिवस मालगुंडला गेलात. इकडे पाऊस तिरका मारत होता. ह्यांनी मुंबईहून निळं प्लॅस्टिक पाठवलं होतं, ते मी झापांवरून घातलं, चारी बाजूंनी पार जमिनीपर्यंत ओढलं आणि कडेला दगड ठेवले. आता थेंब आत जायचा नाही म्हणून स्वतःवरच खूश होते.

तुम्ही आलात ते पाय धुवायच्या आधी माचीकडे. टोक उचललंत, तर प्लॅस्टिकला आतून पाणी सुटलेलं आणि लाकडांवर पांढरी बुरशी. मला रडूच फुटलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "लाकडालाय वारा लागतो गो. कोंडलंस की ता घामतंय." मग सगळी माच उसकटलीत, लाकडं पडवीत भिंतीला उभी केलीत, आणि रोज थोडी थोडी चुलीवर टांगलेल्या बांबूंच्या मांडवावर चढवत राहिलात. धुराने तुमचे डोळे लाल झालेले मला आजही दिसतात. वाडीतल्या बायका बघायला आल्या, मामंजी दारात उभे. हा उद्योग कुणाचा, असं त्यांनी विचारलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "माझाच. नवा प्लाष्टिक बघून भुललंय."

वाडीने तुम्हाला त्यावरून जन्मभर चिडवलं आणि तुम्ही हसून घेतलंत. मुलगी झाली, सव्वा महिन्यात मला एकदाही कोमट पाणी मिळालं नाही, कायम कढत. तुमच्याएवढं मोठं मन मी नंतर कुणाचं पाहिलं नाही.

तीच मुलगी सध्या माहेरपणाला आली आहे. काल माझ्या हाताशी लाकडं देताना पोरांना सांगत होती, की माझ्या आजीने एकदा बाळंतिणीची लाकडं प्लॅस्टिकात कोंडली होती. पोरं हसली. मीही हसले, आई. आधी तिला खरं सांगायचं आणि मग तुम्हाला लिहायचं, असं सकाळी उठताना ठरवलं होतं. पत्र संपत आलं. ती मागीलदारी झाप बांधते आहे, आणि मी अजून इथेच बसले आहे.