पन्नासची लेन्स आणि मावशीची भिंत

पुरुषोत्तमनगर,
१२ जुलै २०२२

चि. काजल हिस नवनीतमामाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर कॅमेऱ्याचे आकडे विरून जातात, म्हणून हे पत्र. एक गोष्ट तुझ्याही नजरेस आली असेल. उन्हात केळीच्या बागेत काढलेला मोबाइलचा फोटो झकास येतो. तोच मोबाइल संध्याकाळी घरात उचलला की चेहरे पिठात लोळल्यासारखे दिसतात. असे का? मोबाइलमधला प्रकाश टिपणारा भाग तुरीच्या डाळीएवढा, मोठ्या डीएसएलआर कॅमेऱ्यातला टपालाच्या तिकिटाएवढा. पावसाच्या एकाच सरीत परात वाटीपेक्षा जास्त पाणी गोळा करते, तसे हे.

तू निवडलेल्या दोन्ही कॅमेऱ्यांत परात सारखीच आहे. दुकानदार चोवीस आणि अठरा मेगापिक्सेल सांगतो, ते केवळ परातीत आखलेले चौकोन, त्याने पाणी वाढत नाही. त्यांना भुलू नकोस. खरा फरक लेन्सचा. पहिल्यासोबत साधी, १८ ते ५५ मिलिमीटर मागेपुढे होणारी आहे. दुसऱ्यासोबत एकटी ५०ची, ती मागेपुढे होत नाही, पण तिचे तोंड मोठे. ती जवळजवळ चौपट उजेड आत घेते. श्रावणात कानबाई देवी बसते त्या रविवारी तुझ्या निर्मलामावशीकडे शहाद्याला समईच्या उजेडातच फोटो काढायचे आहेत. ते चांगले आले तर खांडबाऱ्यात स्टुडिओ, नाहीतर सुरतला काकांच्या साडीच्या दुकानात नोकरी, ही तुझ्या वडिलांची अट मला ठाऊक आहे. तेव्हा दुसरा कॅमेरा घ्यावा, हे माझे मत.

तुझ्या आईस, चारुलताताईस नमस्कार. माया आहेच, ती वाढावी.
तुझा नवनीतमामा


खांडबारा,
१८ जुलै २०२२

ती. नवनीतमामांना काजलचा शिरसाष्टांग नमस्कार.

काल शहाद्याला गेले होते. तिथले फोटोवाले दिलवरसिंगदादा यांच्याकडून तसाच कॅमेरा आणि ५०ची लेन्स घटकाभर मागून घेतली. मावशीची कानबाई बसते ती खोली चिंचोळी. पाठ भिंतीला लावली तरी ५०च्या अरुंद नजरेत जेमतेम देवीचा चौरंग मावला. कानबाईची नथ सुरेख येईल, पण मावशीला गाणाऱ्या सगळ्या बाया फोटोत हव्या आहेत. आणि एकदा त्या मांडी घालून बसल्या, की सरका म्हणायची कुणाची छाती आहे? तुमच्या गणितात उजेड होता मामा, भिंत नव्हती. आई तर हसून म्हणते, तुन्हा मामाले सांग, भित मांगे सरकस नही.

म्हणून पहिलाच कॅमेरा घेते आहे. पण मग अंधाराचे काय करू?

रागावू नका, लोभ कमी करू नका.
आपली काजल


पुरुषोत्तमनगर,
२२ जुलै २०२२

चि. काजल हिस अनेक आशीर्वाद.

तुझी हरकत शंभर टक्के मान्य. माझ्या बहिणीची खोली मी विसरावी, हे काही ठीक नाही.

आता अंधाराकडे वळू. लेन्स अठरावर ठेव. तिथेच ती सर्वांत रुंद पाहते आणि सर्वांत जास्त उजेड घेते. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची भूक, बत्तीसशेवर ने आणि शटर, म्हणजे आतला पडदा, सेकंदाचा तिसावा भाग उघडे राहू दे. तेवढ्या वेळात हात हलतो, म्हणून कोपरे बरगड्यांना आणि पाठ त्याच भिंतीला टेकव. कानबाई हलत नाही, बाया हलतात. गाण्याचे कडवे संपून त्या श्वास घेतात, तेव्हा बटण दाब. फ्लॅश नको. समईचा उजेड मरेल आणि निर्मलाताई उखडेल, ते वेगळेच.

यश यावे, हीच इच्छा.
नवनीतमामा


खांडबारा,
९ ऑगस्ट २०२२

ती. मामांना सा. न.

रविवार पार पडला. सुरुवातीचे फोटो हलले, कारण कडवे संपायच्या आधीच माझा हात घाई करत होता. मग मीही बायांबरोबर गुणगुणू लागले आणि वेळ साधली. एका फोटोत समईपासून दाराजवळच्या कमलीबाईंपर्यंत सगळ्या आल्या. कमलीबाईंनी तो पाहून विचारले, मन्हं तोंड इतलं मोठं शे का? मावशी म्हणाली, नही वं, कॅमेरा लहान शे.

बाबांनी फोटो टीव्हीवर लावून पाहिले. आईने जेवायला दोनदा हाक मारली, तरी उठले नाहीत. सकाळी मात्र सुरतच्या काकांना फोन करून सांगितले, पोर येवाव नही, तिले आठेच काम शे. म्हणजे स्टुडिओ इथेच!

आता तुमचा हेमकांत मला विचारतो, त्याने कोणता कॅमेरा घ्यावा. तुमच्या मुलाला तुम्हीच सांगा. पण आधी भिंत पाहून.

अशीच माया असू द्या.
काजल


पुरुषोत्तमनगर,
१४ ऑगस्ट २०२२

चि. काजल हिस खूप खूप आशीर्वाद.

तुझे पत्र आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचले. तुझ्या बाबांना, राजेंद्ररावांना माझा नमस्कार सांग. तुझ्या स्टुडिओत पहिला फोटो माझा काढ. दाढी करून येईन.

तुझा नवनीतमामा

ता. क. हेमकांतला कॅमेरा सुचवण्याऐवजी एक चाचणी लिहून देतो आहे. ती आधी तू तपासून पाहा. पुठ्ठ्यात तेवीस सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच अशी खिडकी कापावी. ज्या सर्वांत लहान खोलीत फोटो काढायचे, तिथे भिंतीला पाठ लावून एक डोळा मिटावा. खिडकी उघड्या डोळ्यापासून अठरा सेंटिमीटरवर धरली तर १८ची लेन्स पाहील तेवढे दिसते. पन्नास सेंटिमीटरवर धरली तर ५०ची पाहील तेवढे. आपली सगळी माणसे कोणत्या अंतरावर खिडकीत मावतात, ते पाहून लेन्स निवडावी.