उंट, जहाज आणि दहावी ब

५ जानेवारी
आज इंग्रजीच्या तासाला मेटाफर, म्हणजे रूपक, शिकवायला घेतला. घ्यावाच लागला, परीक्षेत एका मार्काला असतो. पुस्तकातलं उदाहरण — उंट म्हणजे वाळवंटातलं जहाज. वा! आमच्या पोरांनी उंट जत्रेत पाहिलाय, जहाज टीव्हीवर आणि वाळवंट कुठंच नाही. 'सारखं' न म्हणता एक गोष्ट दुसरीच आहे असं सांगायचं, हे तासभर समजावलं. शेवटी स्वरूप म्हणाला, "मिस, गाईडात हाय तेवढंच लिवतो की."

६ जानेवारी
हेडमास्तर दत्तोपंतांनी तोडगा दिला. वाक्यात 'लाइक' दिसलं की सिमिली म्हणजे उपमा, 'इज' दिसलं की मेटाफर. संपलं! तीस वर्षं हेच चाललंय म्हणे. सीमाभागातली आमची मराठी शाळा; तपासणीला साहेब येतात, कन्नडात विचारतात, पोरं मराठीत घाबरतात आणि पाठ केलेलं इंग्रजी उत्तर देतात. सगळे खूश.

७ जानेवारी
तोडगा लागू पडला. 'माय फादर इज अ फार्मर' — अख्ख्या वर्गानं मेटाफर म्हणून लिहिलं. दिपालीची वही तेवढी कोरी. ती पोरगी वर्गात तोंडच उघडत नाही. मठ्ठ असावी.

८ जानेवारी
शहरात टिळकवाडीतल्या इंग्रजी शाळेचं पत्र आलं. कायमची नोकरी! सोमवारीच हजर व्हा म्हणतात. इथं मी गेस्ट टीचर, वर्षापुरती. पाहुणी म्हणवतात आणि पाण्याचा तांब्याही आपणच भरून घ्यायचा.

९ जानेवारी
दत्तोपंतांना राजीनामा दिला. "परीक्षेला दोन महिने राहिलेत हो," एवढंच म्हणाले. मला वाईट वाटलं, पण मी काय आयुष्यभर पाहुणीच राहू? वर्गात सांगायचा धीर झाला नाही. सोमवारी कळेलच. जाता जाता शेवटची हौस — गाईड न बघता स्वतःचा एक मेटाफर लिहून आणा म्हटलं.

१० जानेवारी
बावीस वह्यांत आई मेणबत्ती आहे. सगळ्यांचं गाईड एकच.

दिपालीनं लिहिलंय — 'अवर मिस इज अ मंडप.'

मला हसूच आलं. जवळ बोलावून विचारलं, मंडप का गं?

"दरवर्षी नवा घालत्यात, कार्यक्रम झाला की काढत्यात. आठवीपास्नं तुमी तिसऱ्या, मिस." मग हळूच म्हणाली, "पर तुमी परीक्षेपतूर हाईसा न्हवं?"

मी हो म्हटलं.