सतरा नंबरचं रेटिंग

३ मार्च, सोमवार
नेमणूक पक्की झाली. मॅनेजरसाहेबांनी क्वार्टरची किल्ली हातात ठेवतच तसं सांगितलं. शीतगृहाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे मोकळी गच्ची. आमच्या सात वर्षांच्या छकुलीने पहिल्या तासातच गच्चीवर इतक्या चकरा मारल्या की मोजणं सोडून दिलं. बायकोने बजावलं, घर आता एक जिना लांब आहे, उशिराची सबब चालायची नाही.

तळघरातल्या पॅनेलवर चोवीस जुने ब्रेकर आहेत. ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली, हे अजून राबताहेत. नवे मागवायचे तर प्रत्येकाचं रेटिंग हवं, म्हणजे किती अँपिअर सोसतो आणि कितीला पडून वीज तोडतो. पाट्या गंजल्यात. इथले जुने मिस्त्री, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते म्हणाले की यांचे जन्मदाखले शोधता शोधता तुम्ही रिटायर व्हाल, इंजिनिअरसाहेब.

५ मार्च
तेवीस झाले. काही पाट्या घासून वाचल्या, काहींचं रेटिंग वायरिंगच्या जुन्या नकाशावरून काढलं. उरला सतरा. त्याला पाटीच नाही. तो आमच्या क्वार्टरचा.

मग माझी नेहमीची युक्ती. वायर करंट मोजणाऱ्या टाँग टेस्टरच्या जबड्यात धरायची, एकेक हीटर जोडत जायचं आणि ब्रेकर कितीला पडतो ते टिपायचं. हीटर जोडण्याआधीच आकडा ८६. दोन खोल्यांना एवढा? ११० पर्यंत नेला, पडला नाही. कंटाळून हीटर काढले. आकडा ११० वरच. टेस्टर बिघडला असणार.

वर आलो तर छकुलीचं अंग तापलेलं.

७ मार्च
दुसरा टेस्टर आणला. ११४. क्वार्टरमधले सगळे दिवे, पंखे बंद केले. ११४.

दुपारी डॉक्टर आले. नाडी मोजून म्हणाले, ११४, तापात होतंच असं. मी जिना उतरताना स्वतःलाच हसलो.

८ मार्च
बायकोला फोनवरून ठोके मोजायला लावले, मी खाली आकडा वाचत होतो. पाच वेळा. पाचही वेळा दोन्हीकडे तोच. पोरीचं अंग पुसायचं सोडून हे काय चाललंय, असं ती म्हणाली. सांगू काय?

मामांना सांगितलं. त्यांनी हातातला पाना पुसून ठेवला. मग म्हणाले, आधीच्या इंजिनिअरनेही सतरावर हीटर लावले होते. त्याची बायको गेली त्याच दिवशी सतरा पडला. आधी ती की आधी ब्रेकर, कुणी पाहिलं नाही. आणि कितीला? तेही नाही.

मला आधी का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाले, तुम्ही याचंही रेटिंग नकाशावरून काढाल असं वाटलं होतं.

९ मार्च
छकुलीला दवाखान्यात हलवलं. पाच किलोमीटर. वाटलं, एवढ्या लांब तिची आणि सतराची तार तुटेल.
मामांनी तळघरातून आकडा कळवला. १२१. नर्सने तक्त्यावर लिहिला तो १२१.

१० मार्च
सतराची वायर कापली. दोन्ही टोकं हवेत लोंबताहेत. टेस्टर त्यातल्या एका टोकाला धरला – १२६.

ब्रेकरच बंद करावा म्हणून दांडी खाली ओढली, जेमतेम बोटभर. फोनवर बायको किंचाळली. छकुलीचा श्वास – दांडी लगेच सोडली. पुन्हा हात लावणार नाही.

आता एकच काम. तो कितीला पडतो ते कळलं पाहिजे. जुन्या फायली, अडगळ, भंगार, सगळं उपसलं. कुठेही सतरा –

११ मार्च, सकाळ
१३१. मामा शेजारी बसलेत.
ब्रेकरला हात लावून पाहिला. गरम. तापलेल्या कपाळासारखा.

दहा वाजता
१३४. आतून बारीक गुणगुण येते. पडण्याआधी येते तशी –

अकरा
बायकोचा फोन. डॉक्टर म्हणतात घाबरू नका, दुपारपर्यंत ताप एकदाच आणखी चढेल, ठोके दीडशेला टेकतील, मग आपोआप उतरेल. दीडशे. हा दीडशे सोसतो का, एवढंच मला –
१३९. १४१. दांडी हलतेय, मी दोन्ही हातांनी वर धरून – मामा लिहिताहेत, मी सांगतोय – १४४ –