चाकं मीच आणणार

३ जून, सकाळी ९.१०
बंदरात संप. आमच्या सूटकेसची चाकं बोटीतच अडकली. गोदामात नऊ दिवसांचा स्टॉक. साहेब महिनाअखेरीस रिटायर होतायत. म्हणाले, जो चाकं आणेल तो परचेस हेड. म्हणजे मीच. दुसरं आहे कोण? साडू आहे, पण त्याला या कंपनीत मीच चिकटवला. तो धरायचा नाही.
संकल्प : साडूकडे बघायचं नाही.

दुपारी २
बघितलं. फोनवर हसत होता. संपाच्या दिवशी हसतं का कोणी?

४ जून
साडूने सुचवलं, चाकं येईपर्यंत लाइनवर बिनचाकी हँडबॅगा घेऊ. साहेबांनी मान डोलावली. हे मलाही सुचलं असतं, पण मला लाज आहे.
माझा प्लॅन मोठा. पाच डीलर, प्रत्येकाला पूर्ण ऑर्डर. जो आधी देईल त्याचा माल घ्यायचा, बाकीच्यांना हात जोडायचे. ऑफिसात चकार शब्द काढायचा नाही.

७ जून
बायको म्हणाली, धाकटी बहीण सांगत होती, तिचे हे बंदरावरच्या अधिकारी बाईंना रोज फोन करतात. मी म्हटलं, मी पाच जणांना करतो. ती म्हणाली, मग चाकं कुठायत?
मला कुणाचाही मत्सर वाटत नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

११ जून
करड्या चाकांची मागणी बाजारात अचानक वाढली! डीलर स्वतः म्हणाला. मला आधीच वास लागला होता. सगळ्या ऑर्डरी दुप्पट केल्या. साडूचा चेहरा पडलाय. बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

१४ जून
संप मिटला. बोटीतली चाकं आली, तरी पुरेशी नाहीत. चाकांचा कारखाना म्हणतो, ऑर्डरी फार आल्यात, सगळ्यांना थोडं थोडं वाटू. आपल्याला नेहमीच्या निम्मं. साडूच्या बिनचाकी बॅगा मात्र दुकानदारांना आवडल्या म्हणे. दुकानदारांना काय कळतं.

१८ जून, मीटिंगनंतर
साडू म्हणाला, ही मागणी खरी नाही. कोणीतरी एकटाच घाबरून चार ठिकाणी तीच ऑर्डर देतोय. मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, असल्या गाढवामुळे सगळ्यांची चाकं अडतात, शोधून घरी बसवा त्याला! मिनिट्समध्ये घ्यायला लावलं. साहेब खूश. साडू माझ्याकडे बघतच राहिला. जळतोय.

१९ जून
पाचही डीलर त्याच एका कारखान्याचा माल घेतात. हे आधी सांगायला काय झालं होतं? शिवाय करडी, पन्नास मिलिमीटरची चाकं आपल्याशिवाय कोणी वापरत नाही म्हणे. योगायोग.
फोन बंद केला. रजा.

२४ जून
साहेबांनी साडूला विचारलं, सापडला का तो गाढव? साडू म्हणाला, नाही. मग कँटीनच्या दारात मला गाठून हळूच म्हणाला, दादा, त्या पाचही ऑर्डरी आज रद्द करा, कंपनीची नेहमीची तेवढी राहू द्या, कारखान्याशी मी बोललोय. केल्या. दुपारी चाकं निघाली. संध्याकाळी खुर्ची त्याला जाहीर झाली.
घरी सांगितलं. बायको म्हणाली, किती सांभाळून घेतो हो तो तुम्हाला.
माझी नोकरी वाचवायचा त्याला काय अधिकार होता? आता उरलेली अकरा वर्षं त्याला रोज गुड मॉर्निंग म्हणायचं, आणि तेही मनापासून.