बासरीची खुर्ची

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय नाटकांना संगीत देणे, राहणार याच घरी, दुसरा मजला, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी काल मला वार आणि तारीख विचारली, मग शंभरातून सात-सात वजा करायला लावले. बहात्तरला पोचलो तेव्हा ते "पुरे" म्हणाले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. कानांबद्दल कलम सहामध्ये लिहिले आहे. खरे सांगायचे तर त्याआधीची कलमे मी त्या कलमाला पोचायला उशीर व्हावा म्हणूनच लिहिली आहेत.

कलम १. राहते घर मुलगा आणि सून या दोघांच्या नावे, समान हिश्श्याने. मुलाने मनाला लावून घेऊ नये. त्याच्या आईच्या शेवटच्या आजारपणात रोज सकाळी तिची वेणी कोण घालत होते, हे त्यालाही माहीत आहे. स्वयंपाकघरातला गळका नळ मी नऊ वर्षे कोणाला दुरुस्त करू दिला नाही, कारण त्याच्या ठेक्यावर मी एका नाटकाचा दुसरा अंक बांधला होता. आता खुशाल दुरुस्त करावा.

कलम २. बँकेत जे निघेल ते मुलाचे. फार आशा ठेवू नये.

कलम ३. उभा पियानो गल्लीच्या टोकाच्या प्राथमिक शाळेला द्यावा. त्याच्या मधल्या दोन पट्ट्या अडकतात. अट एकच: त्याला कुलूप लावायचे नाही आणि बडवणाऱ्या पोरांना ओरडायचे नाही.

कलम ४. माझे ध्वनिमुद्रणाचे यंत्र आणि आवाजांची पेटी आमच्या ढोलवाल्याला. पेटीत न्हाव्याची कात्री आहे, लाँड्रीतले यंत्र आहे, आणि एका जुन्या लिफ्टचे कण्हणे आहे. ते मिळवताना मी कांद्यांची पिशवी घेतलेल्या एका बाईंबरोबर दोन तास लिफ्टमध्ये अडकलो होतो. त्या घाबरून रडकुंडीला आल्या होत्या आणि मी यंत्र त्यांच्यापासून लांब धरून त्यांना गप्प बसायला सांगत होतो. बँकेचे शटर उघडतानाचा आवाजही आहे. त्यासाठी सलग पाच सकाळी तिथे उभा राहिलो, सहाव्या सकाळी पोलिसांनी चौकीत नेले आणि "शटरचं संगीत करतो" हे पटवायला दुपार झाली. ढोलवाल्याने माझा रेनकोट अकरा वर्षांपूर्वी नेला आहे. तो त्याने आता स्वतःचाच समजावा.

कलम ५. ज्या समीक्षकाने माझ्या सहा महिन्यांच्या कामाबद्दल "संगीतही होते" एवढेच छापले, त्याला मी काहीही ठेवत नाही. हा राग मी सत्तावीस वर्षे जपला. आता कलम सहा लिहायला बसल्यावर त्याचा 'ही' फारच सौम्य वाटतो.

कलम ६. हे कलम आमच्या बासरीवालीबद्दल आहे. वाद्यवृंदात तिला सगळे चिमणी म्हणत. चण लहान, खांद्याला भलीमोठी पिशवी, आणि तालमीला सर्वांच्या आधी हजर.

एकोणीस वर्षांपूर्वी मी एका मोठ्या नाटकाचे संगीत करत होतो. रंगमंचापुढच्या खड्ड्यात आम्ही अकरा जण बसायचो. मी मध्ये व्हायोलिन घेऊन, चिमणी माझ्या उजव्या हाताला. त्याच्या आदल्या महिन्यात मला सणकून ताप येऊन गेला होता आणि उजव्या कानाला दडा बसल्यासारखे झाले होते. जाईल आपोआप, म्हणून मी दुर्लक्ष केले.

तालमीत मला तिचे वरचे सूर उतरलेले ऐकू येऊ लागले. मी सगळ्यांना थांबवून म्हणायचो, "चिमणे, उतरतेयस." ती बासरीचा सांधा थोडा आत ढकलून सूर वर न्यायची. मी म्हणायचो, "अजून." ती अजून वर न्यायची. आठवडाभर असे चालल्यावर ती खरोखरच चढी वाजवू लागली आणि बाकीच्यांच्याही कानाला ते लागू लागले. म्हणजे तिला बेसूर मीच केले आणि तिच्याविरुद्ध साक्षीदारही मीच तयार केले.

पहिल्या प्रयोगाला चार दिवस उरले होते. तिने सगळ्यांसमोर विचारले, "मास्तर, एकदा नादकाट्यावर तपासून बघू या का? माझं चुकत असेल तर मी सुधारते." नादकाटा माझ्या कोटाच्या खिशात होता. मी तो काढला नाही. मी म्हणालो, "नादकाटा काय करणार? मुळात तुला कानच नाही."

कोणी तरी हसले. चिमणीने बासरीचे तीन तुकडे एक-एक करून पुसले, पेटीत ठेवले, "येते" म्हणाली आणि पुन्हा आली नाही.

तीन आठवड्यांनी मी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नादकाटा गुडघ्यावर आपटून आधी डाव्या कानाशी धरला, मग उजव्या. नादकाटा तोच, पण उजव्या कानाला सूर स्पष्ट उतरलेला आला. मी त्यांना पुन्हा धरायला लावला. मग तिसऱ्यांदा. डॉक्टर हसून म्हणाले, "उजवीकडच्या माणसाचं फारसं मनावर घेऊ नका."

त्या क्षणी मला सर्व कळले होते. हे मी इथे ठळक लिहितो, कारण अजाणता चुकलो असे कोणी माझ्या वतीने म्हणू नये. चिमणीचे घर मला माहीत होते. तिथे न जाता दुसऱ्या दिवशी मी नाट्यगृहात जाऊन बासरीची खुर्ची डावीकडे हलवली. ढोलवाल्याने कारण विचारले तेव्हा "तिकडे उजेड नीट पडत नाही" म्हणालो. नव्या बासरीवाल्याचा सूर किती चोख आहे, असे चारचौघांत बोललो. पत्नीने एकदा विचारले, "चिमणी हल्ली दिसत नाही?" मी म्हणालो, "लग्नबिग्न ठरलं असेल." त्या संगीताला पारितोषिक मिळाले. घेताना मी कानाचे श्रेय माझ्या गुरूंना दिले.

सबब, त्या नाटकाच्या संगीताचे सर्व हक्क आणि माझे व्हायोलिन चिमणीला द्यावे, आणि माझ्या पश्चात सुनेने तिच्याकडे जाऊन वरील हकीकत सांगावी.

इथपर्यंत लिहून मी कागद सुनेला वाचायला दिले. तिने उभ्यानेच वाचले, मग खुर्ची ओढून बसली.

"बाबा, हे मी सांगायचं?"

"तू नीट सांगशील."

"तुम्ही जाणार, आणि तुमची लाज मी घेऊन त्यांच्या दारात उभी राहणार. त्या मला विचारतील, हे सांगायला ते स्वतः का नाही आले? मी काय सांगू?"

तिने कागद माझ्यापुढे ठेवले आणि भाजी चिरायला गेली. तिच्या जागी मुलगा असता तर त्याने मला समजून घेतले असते आणि मी सुटलो असतो.

म्हणून हे कलम पुढे वाढवावे लागत आहे.

चिमणी चष्म्याच्या दुकानात काचा बसवण्याचे काम करते, हे ढोलवाल्याला माहीत होते. मी दुपारी गेलो. तिने मान वर करून एकदा पाहिले आणि म्हणाली, "या मास्तर. चष्मा हवाय?" मी "हो" म्हणालो. माझा चष्मा चांगला होता. तरी मी अर्धा तास अक्षरे वाचून दाखवली, फ्रेम निवडली, आगाऊ पैसे दिले आणि शेपूट घालून घरी आलो. सुनेने विचारले, "झालं बोलणं?" मी म्हणालो, "गुरुवारी मिळणार आहे."

गुरुवारी चष्मा आणायला गेलो तेव्हा दुकानात दुसरे कोणी नव्हते. ती बारीक पेचकसाने फ्रेमचा स्क्रू आवळत होती. मी काउंटर धरून उभ्या-उभ्या सर्व सांगितले. ताप, कान, नादकाटा, खुर्ची. मध्ये थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर चष्मा घेऊन निघून गेलो असतो.

तिचा हात थांबला नव्हता. स्क्रू पूर्ण आवळून झाल्यावर ती म्हणाली, "कधी कळलं तुम्हाला?"

"तीन आठवड्यांनी."

"तीन आठवडे." तिने काचेवर फडके फिरवले. "मला तेव्हा दुसरीकडे बोलावलं होतं वाजवायला. मी नाही म्हटलं. म्हटलं, आपल्याला कान नाही, कशाला लोकांचं वाटोळं करायचं. मुलगी झाली, तिला झोपवताना मी तोंड मिटून थोपटायचे. गायले नाही. उगाच तिचाही कान बिघडायला नको."

मी म्हणालो, "माझं चुकलं." हे शब्द एकोणीस वर्षे तोंडात होते. बाहेर पडले तेव्हा त्यांत काही दम नव्हता.

तेवढ्यात एक गृहस्थ चष्म्याची दांडी मोडली म्हणून आले. तिने त्यांना बसायला सांगितले, माझा चष्मा माझ्या नाकावर चढवला आणि विचारले, "कानामागे टोचतोय का?" मी "नाही" म्हणालो. टोचत होता.

मी निघताना हक्क आणि व्हायोलिन तिच्या नावे केल्याचे सांगितले. ती म्हणाली, "खोडून टाका. तुमच्या मरणानंतर काही मिळावं म्हणून मी वाट बघत बसणार नाही. आणि हे सगळं जे सांगितलंत, ते लिहून ठेवलंय का कुठे?"

"लिहिलंय."

"मग ते मला वाचायचंय."

सबब या कलमातील देणगी रद्द समजावी. हक्क मुलाकडे जावेत. व्हायोलिन शाळेला, पियानोसोबत.

कलम ७. त्या खड्ड्यातल्या आम्हा अकरांपैकी चिमणी आणि मी सोडून आज सहा जण हयात आहेत. त्या सहांना मी पत्रे लिहून वरील हकीकत कळवली आहे. नाट्यगृहाच्या सूचनाफलकावरही माझ्या सहीचा कागद लागला आहे, म्हणून या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाला या बाबतीत काही करायचे उरलेले नाही. ढोलवाला स्वतः घरी आला. म्हणाला, "मास्तर, पहिल्या दिवशी मला तिचा सूर बरोबर वाटला होता. तुम्ही उतरतोय म्हणालात, म्हणून मी माझ्याच कानावर शंका घेतली. आणि त्या दिवशी हसलो तो मीच." मास्तर म्हणून मी लोकांना ऐकायला शिकवले, अशी माझी समजूत होती.

कलम ८. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी सुनेची नेमणूक करतो. कारण वर आले आहे.

आज रविवारी सकाळी वकीलसाहेब, खालचे डॉक्टर आणि चिमणी समोरच्या खोलीत बसले आहेत. चिमणीने कलम सहा दोनदा वाचले. ढोलवाला दुसरा साक्षीदार म्हणून यायचा होता, पण वकीलसाहेबांनी सांगितले की मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, आणि त्याला पेटी मिळते आहे. दुसरा साक्षीदार कोण, असा प्रश्न आला. चिमणी म्हणाली, "मला यातून काही मिळत नाही ना?" वकीलसाहेब "नाही" म्हणाले. "मग पेन द्या." तिने माफ केले का, हे मी विचारलेले नाही. विचारण्याचा मला हक्क आहे असेही वाटत नाही. माझी सही होताना ती बघते आहे. अक्षर हलले असल्यास कोणी शंका घेऊ नये.

ठिकाण: राहते घर, समोरची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी, रविवार

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार १: (सही)
व्यवसाय: डॉक्टर, तळमजला. यांनी शुद्धीत सही केली.

साक्षीदार २: (सही)
व्यवसाय: चष्म्याच्या काचा बसवणे. यांनी माझ्यासमोर सही केली. कलम सहा खरे आहे. त्यात आणि पुढेही माझा उल्लेख सर्वत्र 'ती' असा केला आहे. पक्क्या प्रतीत तिथे 'त्या' करावे.