कोपऱ्यातली काच

बुधवार, ९ तारीख

प्रिय दादास,
धाकटीचा नमस्कार.

देवाच्या दयेने आम्ही सगळे बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. आईचा गुडघा ठणकतोच आहे, पण गुडघे टेकून प्रार्थना करायचं काही ती सोडत नाही. तू येणार हे कळल्यापासून तिने तुझ्या खोलीतली गादी तीनदा उन्हात घातली. माझी लेक शाळेच्या गायनवृंदात आहे. रविवारी बाबांना जाऊन महिना होतो, त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेत, मिस्सेत पहिलं गीत ती एकटी सुरू करणार, त्यामुळे घरात दुसरं काही ऐकू येत नाही. माझा नवरा म्हणतो, आता भांडीसुद्धा सुरात वाजायला लागली.

बाबांविषयी चार शब्द तूच बोलायचे असं फादरांनी ठरवलंय. काय बोलू सुचत नाही, असं तू फोनवर म्हणालास. इतकी वर्षं तुमचं बोलणं नव्हतं, म्हणून सुचत नसेल. मला आठवतं ते लिहिते, त्यातलं हवं ते घे.

शनिवारी संध्याकाळी ते घरातल्या सगळ्यांचे बूट ओळीने मांडून पॉलिश करायचे. रविवारी चर्चमध्ये कुणाच्या बुटावर धूळ दिसली तर लाज त्यांना वाटायची, बूट घालणाऱ्याला नाही. तू गेल्यावरही तुझा शाळेतला जुना जोड त्या ओळीत असायचा. आई विचारायची, अहो, हे आता कुणाच्या पायात जाणार? ते म्हणायचे, चामडं सुकतं, दुसरं काही नाही.

शाळेतला एखादा मुलगा नापास झाला तर निकाल लागायच्या आधी ते, मुख्याध्यापक असून, स्वतः त्याच्या घरी जायचे. बापाचा पहिला संताप आपल्यावर निघावा, पोरावर नको, हा हिशेब. एकाने तर त्यांना दारातूनच हाकलून दिलं होतं. घरी येऊन चहा पिताना म्हणाले, चला, पोराच्या वाट्याचं निम्मं संपलं.

आणि ते भित्रे होते. हे तू तिथे बोलू नकोस, पण आपल्याला माहीत आहे. सहलीची बस परत येईपर्यंत त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. जिन्यावर कुणी धावलं तर त्यांच्याच छातीत धडधडायचं. काचेचं तर गावभर झालं होतं. शाळेच्या हॉलच्या मागच्या कोपऱ्यात भिंतीला भेग आहे, त्या भेगेवर त्यांनी काचेची पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटने पक्की केली होती. भिंत जराशी जरी सरकली तरी काच तडकणार. त्या कोपऱ्याखाली जुनी विहीर आहे, बांधकामाच्या वेळी ती नीट बुजवली नाही, हे त्यांच्या मनात घर करून बसलेलं. सकाळची मिस्सा झाली की शाळा उघडायच्या आधी ते काच बघून यायचे. मुलं त्यांना ‘काचसर’ म्हणायची. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही असावं.

मी एकदा विचारलं होतं, बाबा, रोज एवढी प्रार्थना करता, मग देवावर भरवसा नाही का? ते म्हणाले, “पोरं देवाची आहेत. भिंत मात्र मी उभी करून घेतली.”

रविवारी मिस्सा हॉलमध्येच आहे, आणि हॉलला त्यांचं नाव द्यायचं आहे. संगमरवरी पाटी येऊन पडली आहे, अक्षरं छान कोरलीत. गायनवृंदाचा सराव मीच घेते, तो मी मैदानात हलवलाय. हॉलमध्ये फार उकडतं असं सांगितलं.

उकडत नाही, दादा. काच तडकली आहे.

बाबांना पुरलं त्याच्या पुढच्या आठवड्यात मी सहज, त्यांची सवय म्हणून बघायला गेले. बरोबर मधोमध तडा. मी बाहेर येऊन सरावाला जमलेल्या मुलांना घरी पाठवलं. गायनवृंदाच्या पायऱ्या त्याच कोपऱ्यात आहेत. माझी लेक सगळ्यात वरच्या पायरीवर उभी राहते, भिंतीला पाठ लावून.

शाळा समितीचे अध्यक्ष म्हणजे आपले कंत्राटदारकाका, त्यांना नेऊन दाखवलं. ते हसले. ढोल बडवता ना सरावाला, त्याने तडकली असेल, म्हणाले. मग जे म्हणाले ते मी तुला सांगणार नव्हते. “तुमचा दादा एवढे पूल बांधतो. त्यानेच सांगितलंय, ही भिंत शंभर वर्षं हलणार नाही. तुम्ही त्याच्यापेक्षा शहाण्या का?”

फादरांनीही तेच सांगितलं. आई म्हणाली, त्यांचा सन्मान होतोय, त्यात तू मोडता घालू नकोस. सगळ्यांची मदार तुझ्या त्या एका वाक्यावर आहे. म्हणून हे लिहायला बसले. बाकी सगळी प्रस्तावना झाली.

ते जेवण तुला आठवत असेल. तुला नवी नोकरी लागली होती, समितीतली माणसं घरी जेवायला होती, आणि बाबांनी काचेचा विषय काढला. तू सगळ्यांदेखत म्हणालास की हा बाबांचा भ्रम आहे, ही भिंत शंभर वर्षं हलणार नाही. पाहुणे हसले. बाबा पानावरून उठले नाहीत, पण पुढे जेवलेही नाहीत. तेव्हापासून तुम्ही दोघे एकमेकांना आईमार्फत खुशाली विचारत राहिलात.

दादा, तेव्हा तू चुकला नव्हतास. काच तेव्हा शाबूत होती आणि पुढेही कित्येक वर्षं शाबूत राहिली. शेवटच्या आजारात बाबा रोज मला बघायला पाठवायचे. फादर त्यांच्यासाठी शेवटची प्रार्थना करून तैलाभ्यंग द्यायला येणार होते त्या दुपारीही पाठवलं. मी येऊन सांगितलं, आहे तशी आहे. त्यांनी माझा हात धरला. “थोरल्याला सांग, तो बरोबर होता. मला फार बरं वाटलं म्हणावं.”

हा निरोप मी महिनाभर पोटात ठेवला. फोन घेतला की आई शेजारी असते. शिवाय एका दमात दोन गोष्टी कशा सांगायच्या? बाबा म्हणाले तू बरोबर होतास, आणि आता तू बरोबर नाहीस. तू काही न बोलता फोन ठेवला असतास तर मला ते झेपलं नसतं.

मला भीती वाटते. भिंत पडेल याची वाटते आणि नाही पडली तर जन्मभर वेडी ठरेन याचीही वाटते. लोक म्हणतील, बापाचं खूळ लेकीत उतरलं. पहिली भीती मोठी आहे, पण दुसरीच जास्त छळते, आणि हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. बाबा ही दुसरी भीती रोज सकाळी गिळून हॉलमध्ये जात असतील, हे मला आता कळतंय.

आज मी हॉलला कुलूप घातलं. बाबांच्या कपाटात काचेच्या कापलेल्या पट्ट्या सापडल्या, प्रत्येकीच्या कडा घासून बोथट केलेल्या, पोराच्या बोटाला लागू नये म्हणून. त्यातली एक मी जुन्या काचेच्या जरा खाली, त्याच भेगेवर, त्यांच्यासारखीच चिकटवली. ढोलाचं कारण खरं असेल तर ही शाबूत राहील. तशी राहिली तर हे पत्र फाडून टाकेन आणि तुला फक्त बाबांचा निरोप सांगेन.

शुक्रवार, सकाळ

पत्र फाडलेलं नाही, यावरून तुला कळलंच असेल.

हॉल बंद होता. ढोल नव्हता, मुलं नव्हती, दारसुद्धा कुणी आपटलं नाही. नवी काचही बरोबर भेगेवर आरपार तडकली आहे. मी तिच्यावरून बोट फिरवलं तर दोन तुकडे वरखाली लागले. कुलूप लावताना दोनदा ओढून पाहिलं.

उद्या संध्याकाळी खुर्च्या मांडायला काकांना किल्ली हवी आहे. नाही दिली तर कुलूप तोडू म्हणाले. मिस्सा मैदानात घेऊ म्हटलं तर म्हणतात, पाटी काय झाडाला लावायची?

तुला घ्यायला माझा नवरा येईल, हे पत्र त्याच्याजवळ देते आहे. गाडीतच वाच. आधी घरी जाऊ नकोस. आई गरम पाणी काढून वाट पाहत असेल, तिला थोडं थांबू दे. सरळ शाळेत ये. दोन्ही काचा स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि मग काकांना, फादरांना जे खरं असेल ते सांग. तुझं वाक्य तूच मागे घेऊ शकतोस, माझं कुणी ऐकत नाही. माझ्यावर रागव हवं तर, पण नंतर.

रविवारी बाबांविषयी काय बोलू, असं विचारलं होतंस ना? काकांना, फादरांना जे खरं सांगशील, तेवढंच बोललास तरी पुरे.

हॉलच्या दारात, किल्ली मुठीत घट्ट धरून तुझी वाट पाहणारी,
बाबांसारखीच भित्री
धाकटी